आवळूनही न थांबणारी किंचाळी: एका ॲम्बॅसडरच्या फॅन बेल्टचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७७ सालची ॲम्बॅसडर मार्क-३, पेट्रोलवर चालणारी. मालक कोल्हापुरातील निवृत्त वकील. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली असल्यामुळे ती विकण्याचा विषय घरात निघत नाही. रविवारची फेरी, नात्यातली लग्ने आणि वर्षातून काही वेळा रत्नागिरीकडच्या गावी जाणे, एवढाच तिचा वापर आहे. मालकाची व गाडीची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. तांत्रिक तपशील जसेच्या तसे ठेवले आहेत.

हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज-३ वरून ॲम्बॅसडर बांधली आणि तिचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. या गाडीत बसलेले १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज कुळातले आहे. एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या सुरुवातीच्या गाड्यांतही याच घनक्षमतेचे इंजिन होते. त्यामुळे या इंजिनाच्या दुरुस्तीविषयी जगभर बरेच लिहिले गेले आहे आणि त्याचा उपयोग आपल्याकडच्या जुन्या ॲम्बॅसडरनाही होतो.

इंजिनाच्या तोंडाशी एकच व्ही-बेल्ट, म्हणजे तिरप्या कडांचा रबरी पट्टा, तीन पुल्यांवरून फिरतो. खाली मधोमध इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची क्रँक पुली, तिच्यावर वॉटर पंपाची पुली आणि एका बाजूला डायनॅमो, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र. पंखा वॉटर पंपाच्याच पुलीवर बसवलेला असल्याने सगळे त्या पट्ट्याला फॅन बेल्ट म्हणतात. वीज तयार करणे, पाणी फिरवणे आणि रेडिएटरमधून हवा ओढणे ही तिन्ही कामे एका पट्ट्यावर अवलंबून आहेत, आणि पुढे घडलेल्या बऱ्याच गोष्टी एवढ्या एका मांडणीतून उलगडतात.

या गाडीला मुळात डायनॅमो होता. त्या पिढीच्या डायनॅमोची क्षमता साधारण २२ अँपिअर असते आणि इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) असताना तो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. वकीलसाहेबांनी रात्रीच्या प्रवासासाठी पुढे १००/९० वॅटचे (अप्परला १००, डिपरला ९०) हॅलोजन बल्ब लावले होते. अप्पर लावला की नुसते दोन दिवेच १६-१७ अँपिअर खातात. त्यात इग्निशन, मागचे दिवे आणि पावसात वायपर धरले की डायनॅमोची मर्यादा संपते. बॅटरी वारंवार उतरू लागली, तेव्हा एका गॅरेजमध्ये डायनॅमो काढून त्याच कामाचा, पण जास्त क्षमतेचा, सुमारे ४५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवण्यात आला. काढलेला डायनॅमो मालकांनी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

तक्रार कशी होती

अल्टरनेटर बसल्यापासून बेल्ट ओरडू लागला. सकाळी गाडी चालू करताच लांब, कर्कश किंचाळी येई आणि पाच-दहा मिनिटांनी विरून जाई. रात्री दिवे लावून गिअर बदलताना ती पुन्हा उमटे. गल्लीतल्या लोकांना वकीलसाहेब निघाले हे आवाजावरून कळू लागले, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितले. पण त्यांची खरी काळजी वेगळी होती. आंबा घाट चढताना पूर्वी कधी न हलणारा तापमानाचा काटा आता वर सरकू लागला होता.

आमच्या गॅरेजमध्ये गाडी येण्यापूर्वी जे झाले ते क्रमाने सांगणे भाग आहे. प्रत्येक उपायाने थोडे दिवस आवाज थांबला आणि त्या थांबण्यामुळेच मूळ कारणाकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

पहिला उपाय बेल्ट आवळण्याचा. “आवळला की गप बसतोय बघा,” असे पहिल्या मिस्त्रींचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. बेल्ट आवळला की आठवडाभर शांतता असे. आवाज परतला की बेल्ट आणखी आवळला जाई. काही महिन्यांत वॉटर पंपाचे बेअरिंग घरघरू लागले, पंपाच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकू लागले आणि पंप बदलावा लागला. दुसरा उपाय बेल्टच्या कडांना साबणाची वडी फिरवण्याचा, तिसरा बेल्ट ड्रेसिंगच्या स्प्रेचा. साबणाने दोन दिवस निभावले. स्प्रेने कडा चिकट झाल्या, त्यांवर धूळ बसली आणि आवाजात खरखर मिसळली. अखेरीस बेल्टच बदलला गेला, तोही एकदा नव्हे. आणि प्रत्येक नव्या बेल्टाने काही दिवसांनी तेच गाणे सुरू केले.

तपासणी

गाडी आली तेव्हा बेल्टला हात लावण्याआधी मालकांना सविस्तर विचारले: आवाज नेमका कधी येतो, एकसलग येतो की ठेक्यात, दिवे लावल्यावर बदलतो का, पावसात वाढतो का. या प्रश्नांतून एक महत्त्वाची गोष्ट निघाली. मालक ज्याला एकच आवाज समजत होते ते दोन निराळे आवाज होते. थंड इंजिनावर किंवा भार पडल्यावर येणारी लांब किंचाळी हा एक. आणि इंजिन गरम होऊन आयडलवर असताना, पुलीच्या फेऱ्यांबरोबर ठेका धरणारी बारीक चिवचिव हा दुसरा. किंचाळीपुढे चिवचिव ऐकू येत नसल्याने तिची तक्रार कोणी केलीच नव्हती.

लांब किंचाळी बहुधा घसरण्याची असते. बेल्ट पुलीवर क्षणभर चिकटतो, लगेच सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि ही थरथर इतक्या वेगाने होते की कानाला ती सलग शिट्टी वाटते. गाडी चालू करताना बॅटरीतून खर्च झालेली वीज अल्टरनेटर पहिल्या काही मिनिटांत भरून काढतो आणि त्या वेळी त्याला फिरवायला सर्वाधिक जोर लागतो. म्हणून सकाळची किंचाळी थोड्या वेळाने आपोआप थांबते. ठेक्यातली चिवचिव मात्र बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसल्याचे लक्षण असते. बेल्ट खोबणीत तिरका शिरतो आणि प्रत्येक वेळी कडेला घासतो.

हे पडताळण्यासाठी साध्या फवारणीच्या बाटलीतून बेल्टच्या आतल्या बाजूवर पाण्याचा हलका शिडकावा केला. पंखा उघडा असल्यामुळे हे काम बाह्या वर सारून, गळ्यातला रुमाल काढून आणि हात पंख्याच्या पात्यांपासून दूर ठेवूनच करावे. शिडकाव्यानंतर चिवचिव लगेच थांबली आणि पाणी वाळताच परत आली. याचा अर्थ पुल्यांची रेषा बिघडली होती. मग दिवे लावून भार वाढवला आणि पुन्हा पाणी मारले, तेव्हा किंचाळी उलट वाढली. म्हणजे पकडही कमी होती. दोन आवाज, दोन दोष. नुसता ताण वाढवून हे प्रकरण मिटणार नव्हते, हे येथेच स्पष्ट झाले.

त्यानंतर बेल्ट पूर्ण काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवले. बेल्टाशिवाय पाणी फिरत नसल्याने याहून जास्त वेळ इंजिन चालवणे धोक्याचे असते. आवाज पूर्ण बंद होता, म्हणजे टायमिंग चेन (इंजिनातली साखळी) किंवा इंजिनाच्या इतर आतल्या भागावर संशय घेण्याचे कारण उरले नाही. अल्टरनेटरची व नव्या पंपाची पुली हाताने फिरवून आणि मागेपुढे हलवून पाहिली. दोन्ही बेअरिंगे ठीक होती.

खरे उत्तर पुल्यांच्या खोबणीत सापडले. काढलेला बेल्ट व्हर्निअरने मोजला तर त्याची वरची रुंदी १० मिमी भरली. या इंजिनाच्या क्रँक व पंप पुल्यांची खोबण १३ मिमीच्या बेल्टासाठी आहे. टॉर्चच्या उजेडात क्रँक पुलीत पाहिले तेव्हा खोबणीच्या बाजू काळसर आणि कोरड्या होत्या, तर तळाशी चकचकीत, घासून उजळलेला पट्टा दिसत होता. पंपाच्या पुलीचीही तीच स्थिती. बेल्टाची आतली बाजूसुद्धा तुळतुळीत झाली होती. व्ही-बेल्ट कधीही खोबणीच्या तळाला टेकता कामा नये. तळ चमकू लागला की बेल्ट बाजूंवर न बसता तळावर बसतो आहे हे नक्की समजावे.

या एका चमकेत सगळा हिशेब आहे. व्ही-बेल्ट पाचरीच्या तत्त्वावर काम करतो. ताण पडला की तो तिरप्या बाजूंमध्ये रुततो, आणि खोबणीचा कोन ३६ अंशांच्या आसपास असेल तर याच ताणात त्याला सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. बेल्ट तळाला टेकला की पाचर संपते आणि उरतो तो केवळ सपाट पट्टा. १३ मिमीच्या खोबणीत १० मिमीचा बेल्ट टाकला तर ३ मिमीच्या त्या फरकामुळे तो सुमारे साडेचार मिमी खोल जातो. पकड एक तृतीयांशावर आली की ती भरून काढण्यासाठी ताण तिप्पट करावा लागतो, आणि तो सगळा ताण वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जातो. पंप का गेला, घाटात काटा का चढला आणि आवळल्यावर आवाज तात्पुरता का थांबत होता, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र मिळतात.

अरुंद बेल्ट आला कुठून, हेही मालकांकडे ठेवलेल्या जुन्या पावत्या व बेल्ट पाहून उलगडले. नव्या अल्टरनेटरवर आलेली पुली १० मिमीच्या बेल्टाची होती. आरंभी जुनाच रुंद बेल्ट त्यावर चढवला गेला. तो खोबणीबाहेर अर्धवट वर राहून घसरू लागला आणि त्याच्या कडांचे धागे निघाले. मग, पंप जाण्यापूर्वीच, अल्टरनेटरला बसेल असा अरुंद बेल्ट आणला गेला. तीन पुल्यांपैकी एकीचे माप जुळले आणि दोघींचे बिघडले.

आता चिवचिव. रेषा तपासताना पुल्यांच्या कडांवर पोलादी पट्टी धरून भागत नाही, कारण प्रत्येक पुलीच्या कडेची जाडी वेगळी असते. आम्ही खोबणीत नीट बसणारी सरळ सळई क्रँक पुलीत ठेवून ती अल्टरनेटरच्या खोबणीपर्यंत नेली आणि दोन्ही खोबणींच्या मध्यांतील अंतर मोजले. बेल्ट सैल असताना अल्टरनेटर ३ मिमी पुढे होता. बेल्ट ताणून पुन्हा मोजले तर फरक साडेचार मिमीवर गेला आणि पुली किंचित तिरकीही झाली. अल्टरनेटर ज्या ब्रॅकेटवर टांगला होता ती पातळ पट्टी ताणाने वाकत होती. व्ही-बेल्टांसाठी अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे या दोन पुल्यांमधल्या साधारण २५० मिमी अंतरावर जेमतेम २ मिमी. येथे तो त्याच्या दुप्पट होता. रेषा ताणलेल्या अवस्थेतही मोजावी, ही गोष्ट फार थोडे लोक करतात. केवळ सैल बेल्टावर मोजले असते तर पट्टी वाकते आहे हे कळलेच नसते.

शेवटची नोंद तेलाची. क्रँक पुलीच्या मागच्या कडेवर तेलाचा ओला थर होता. या कुळातल्या जुन्या इंजिनांत टायमिंग कव्हरच्या तोंडाशी नमद्याचे सील असे आणि ते वयोमानाने पाझरते. तेलाने बेल्टाचे रबर फुगते व मऊ पडते, शिवाय पकडही जाते. हे आवाजाचे मुख्य कारण नव्हते, पण तसेच ठेवले तर नवा बेल्टही खराब होणार होता.

समोर असलेले पर्याय

मालकांसमोर कागदावर पुल्यांचे चित्र काढून पर्याय मांडले. पहिला, माळ्यावरचा डायनॅमो परत बसवणे. कम्युटेटर लेथवर साफ करून, नवे ब्रश टाकून तो चालू करता आला असता. गाडी मूळ रूपात आली असती, रुंद बेल्ट परत आला असता आणि तिन्ही पुल्या आपोआप एका रेषेत बसल्या असत्या. गाडी प्रदर्शनात किंवा फक्त दिवसा चालवायची असती तर आम्ही हाच सल्ला दिला असता. पण मालकांना गावाकडून परतताना हमखास रात्र होते आणि आयडलवर चार्ज न करणाऱ्या यंत्राच्या भरवशावर घाटात उभे राहणे त्यांना नको होते.

दुसरा, अल्टरनेटर ठेवून क्रँक व पंपाच्या पुल्या अरुंद बेल्टासाठी बदलणे. तो लगेच बाजूला पडला. साच्यात पत्रा दाबून घडवलेल्या पुलीची खोबण लेथवर अरुंद करता येत नाही, ती नव्याने घडवावी लागते. आणि अल्टरनेटरच्या एका पुलीसाठी इंजिनाच्या दोन मूळ पुल्या काढून टाकणे उफराटे होते.

तिसरा, क्रँक व पंपाच्या पुल्या तशाच ठेवून अल्टरनेटरला १३ मिमी खोबणीची पुली करवून घेणे आणि त्याचबरोबर ब्रॅकेट सुधारणे. कोल्हापुरात हे सोपे आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर एक पुली फिरवून देणारा कारागीर शोधावा लागत नाही, कोणता निवडावा एवढाच प्रश्न असतो.

डायनॅमोचीच पुली अल्टरनेटरला बसवावी, असे मालकांनी सुचवले. सूचना तर्काला धरून होती, पण त्या पुलीचा व्यास मोठा आहे. तेवढ्या मोठ्या पुलीवर अल्टरनेटर हळू फिरला असता आणि आयडलवर पुन्हा चार्जिंग नसते; ज्यासाठी तो बसवला तोच हेतू हुकला असता.

चौथा मुद्दा पर्यायापेक्षा पूरक होता: भारच कमी करणे. ४५ अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण भाराने चालला तर १४ व्होल्टला तो सुमारे ६०० वॅट वीज देतो, आणि त्यातली तूट धरली तर इंजिनाकडून किलोवॅटभर तरी शक्ती बेल्टामार्फतच घेतो. जुन्या डायनॅमोची वीज ३०० वॅटच्या आसपास होती. म्हणजे बेल्टावरचे ओझे जवळजवळ दुप्पट झाले होते. १००/९० ऐवजी ६०/५५ वॅटचे बल्ब रिलेमधून (दिव्यांना बॅटरीतून थेट वीज देणाऱ्या वेगळ्या स्विचमधून) जोडले तर जुन्या लांब तारांत आणि स्विचात वाया जाणारा व्होल्टेज वाचतो आणि उजेड फारसा कमी होत नाही. वकीलसाहेबांना हे पटायला वेळ लागला. मोठ्या वॅटचा बल्ब म्हणजे मोठा उजेड, ही समजूत सहज सुटत नाही. बल्बाच्या टोकाशी प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचतात हे मीटरवर दाखवल्यावरच त्यांनी होकार दिला.

निर्णय झाला तो तिसऱ्या व चौथ्या मुद्द्यांना जोडून.

केलेले काम

नव्या पुलीचा व्यास ठरवणे हा या कामातला सर्वांत नाजूक निर्णय होता. पुली लहान ठेवली तर अल्टरनेटर वेगाने फिरतो आणि आयडलवरही चार्ज करतो, पण बेल्टाचा वेढा कमी भरतो, वळण आखूड होते आणि घसरण्याची शक्यता वाढते. मोठी केली तर याच्या उलट. बसलेल्या अरुंद पुलीवर क्रँकच्या एका फेरीला अल्टरनेटरच्या सुमारे २.१ फेऱ्या होत होत्या. आम्ही हे प्रमाण १.९ वर आणले. ७५० आरपीएमच्या आयडलवर अल्टरनेटर त्यामुळे साधारण १४२५ आरपीएमने फिरतो, आणि या अल्टरनेटरचे चार्जिंग त्याआधीच सुरू होते.

पुली माइल्ड स्टीलच्या गोल बारमधून फिरवली. खोबणीचा कोन ३४ अंश ठेवला. लहान पुलीवर बेल्ट आखूड वळणात वाकतो, त्याची बाहेरची बाजू ताणून अरुंद होते, आतली बाजू दबून फुगते आणि त्यामुळे बेल्टाच्या तिरप्या कडांमधला कोन घटतो. म्हणून लहान पुलीचा कोन मोठ्या पुलीपेक्षा कमी लागतो. लेथवरच्या कारागिराला हे सांगावे लागले नाही. बेल्ट चढवल्यावर त्याची वरची बाजू पुलीच्या कडेशी सपाट यावी आणि तळाशी किमान २ मिमी पोकळी राहावी, एवढेच त्याला सांगितले. त्याने पुली यंत्रावरून उतरवण्याआधी बेल्टाचा तुकडा खोबणीत दाबून, बोटाने कड चाचपून पाहिली आणि बाजू आणखी गुळगुळीत केल्या. खोबणीच्या बाजूंवर हत्याराचे चरे राहिले तर तेच बेल्टाला कानशीसारखे खातात, हे त्याचे कारण.

पातळ पट्टीचा ब्रॅकेट काढून ८ मिमी प्लेटचा, कोपऱ्यात आधार-तुकडा वेल्ड केलेला ब्रॅकेट करून घेतला. आधीच्या कामात अल्टरनेटर पुढे-मागे बसवण्यासाठी वॉशरांची चवड लावली होती. अशी चवड आवळताना दबते आणि तिरकी होते, म्हणून तिच्या जागी हव्या लांबीचा एकसंध स्पेसर फिरवला. बेल्ट ताणून सळईने पुन्हा मोजले तेव्हा फरक १ मिमीच्या आत होता आणि ताणल्यावर तो वाढत नव्हता.

क्रँक व पंपाच्या पुल्या रॉकेलने, नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या केल्या. जुन्या स्प्रेचा चिकट थर काढायला सर्वांत जास्त वेळ गेला. क्रँक पुलीच्या बाजूंवर झीज किती आहे हे नवा बेल्ट बसवून पाहिले. बेल्ट कडेच्या किंचित खाली बसत होता पण तळापासून स्पष्ट वर होता, म्हणून पुली बदलली नाही.

तेलाच्या बाबतीत दोन मार्ग होते. क्रँक पुली काढून सील बदलणे हा पक्का मार्ग होता, पण त्यासाठी रेडिएटर आणि टायमिंग कव्हर उतरवावे लागले असते. इंजिनाच्या ब्रीदरची (आतला वायू बाहेर सोडणारी) नळी तपासली तर ती काजळी व तेलाच्या गाळाने जवळजवळ बंद झाली होती. ब्रीदर तुंबला की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोकळीतला) दाब वाढतो आणि तेल जिथे कमजोर सील असेल तिथून बाहेर पडते. ब्रीदर साफ करून आधी पाहावे आणि सीलचे काम टायमिंग चेनच्या कामाबरोबर करावे, असे मालकांशी बोलून ठरवले.

बेल्ट १३ मिमी रुंदीचा, आतून दाते असलेला घेतला. दात्यांमुळे तो लहान पुलीवर सहज वाकतो आणि कमी तापतो. लांबी ठरवताना तिन्ही पुल्यांभोवती दोरी फिरवून माप घेतले आणि अल्टरनेटर समायोजनाच्या खाचेच्या मध्याला येईल अशी लांबी निवडली, म्हणजे बेल्ट ताणल्यावर पुढे सरकायला जागा उरते.

ताण देताना अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियम बॉडीला टॉमी घालून उचकटू नये; पुलीकडच्या जाड भागालाच जोर द्यावा, नाहीतर मागचे कव्हर तडकते. या कुळातल्या इंजिनांच्या दुरुस्ती-पुस्तिका सांगतात तसा, बेल्टाच्या सर्वांत लांब भागात मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १२ ते १३ मिमी दबेल इतका ताण ठेवला. आधीच्या मानाने हा ताण इतका कमी वाटत होता की वकीलसाहेबांनी दोनदा विचारले, “एवढा सैल चालेल ना?” ते विचारणे साहजिक होते. वर्षभर त्यांनी हा बेल्ट तंतुवाद्याच्या तारेसारखा ताणलेलाच पाहिला होता.

निष्पत्ती

इंजिन चालू केल्यावर, दिवे लावल्यावर आणि अप्परवर आयडल ते जास्त आरपीएम असे वरखाली करूनही दोन्ही आवाज आले नाहीत. पाण्याच्या शिडकाव्यानेही काही बदल झाला नाही. बॅटरीवर १५०० आरपीएमला दिवे चालू असताना १४.२ व्होल्ट मिळाले. आधी तेथे जेमतेम १३ मिळत होते. हा फरक थोडा बल्ब बदलल्याचा आणि बराचसा घसरण थांबल्याचा असावा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्यामुळे त्यांचे वेगवेगळे माप देता येत नाही.

नवा बेल्ट पहिल्या काही मिनिटांत खोबणीत बसून थोडा सैल होतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटे इंजिन चालवून ताण पुन्हा तपासला आणि ३०० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावली. तेव्हा अल्टरनेटर थोडा सरकवावा लागला. खोबणीचा तळ त्या वेळी धुळकट आणि बाजू हलक्या चमकदार होत्या, म्हणजे नेमके हवे तसे. त्यानंतर आंबा घाट चढताना तापमानाचा काटा जागचा हलला नाही, असे मालकांनी कळवले.

पावसाळ्यानंतरच्या तपासणीत बेल्टाच्या कडा स्वच्छ होत्या. पुलीच्या मागे तेलाची ओल पूर्वीपेक्षा बरीच कमी पण पूर्ण गेलेली नव्हती. ब्रीदरने अर्धे काम केले आहे; सील अखेर बदलावे लागेल.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त दुरुस्ती अल्टरनेटर बसवण्याच्या दिवशीच झाली असती. डायनॅमो काढण्यापूर्वी जुन्या बेल्टाची रुंदी आणि खोबणीच्या मध्याचे अंतर मोजून ठेवले असते, तर नव्या पुलीचे माप बसणार नाही हे तिथेच कळले असते. पुली फिरवणे, ब्रॅकेट आणि बेल्ट यांचा एकत्रित खर्च वॉटर पंप व फुकट गेलेल्या बेल्टांपेक्षा कमी भरला.

दुसरा निर्णयबिंदू वॉटर पंप गेला तो. नवा पंप बसवताना बेअरिंग इतक्या लवकर का गेले हा प्रश्न विचारला गेला नाही. पंप बदलण्यासाठी बेल्ट काढावाच लागतो आणि त्या वेळी पंपाच्या पुलीचा चकाकणारा तळ समोर असतो. पहिल्या मिस्त्रींना दोष देण्यात अर्थ नाही. आवळल्यावर आवाज थांबतो हा त्यांचा अनुभव शेकडो गाड्यांवर खरा ठरलेला होता, कारण त्या गाड्यांच्या पुल्या मूळच्याच होत्या.

आमच्या निर्णयांपैकी सीलचा निर्णय वादाचा होऊ शकतो. गाडी उघडलेलीच असताना रेडिएटर उतरवून सील बदलले असते तर मजुरी एकदाच लागली असती. दुसरीकडे, ब्रीदर साफ न करता नवे सील टाकले असते तर तेही पुन्हा पाझरले असते. गाडी रोजच्या वापरात असती तर आम्ही दोन्ही कामे एकत्र केली असती. वर्षाला थोडेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वाट पाहणे परवडते.

बल्ब व पुली एकाच वेळी न बदलता आधी पुली, मग मोजणी, मग बल्ब असा क्रम ठेवला असता तर कशाचा किती परिणाम झाला हे स्वच्छ कळले असते. मालकांना गाडी लग्नासाठी हवी होती, त्यामुळे तेवढा वेळ मिळाला नाही. आता बेल्टाची रुंदी व लांबी रंगाने बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहिली आहे आणि त्याच मापाचा एक जादा बेल्ट डिकीत ठेवला आहे. वाटेत बदलायची वेळ आलीच, तर दुकानदाराने हातात दिलेला पहिला बेल्ट चढवला जाऊ नये यासाठी.